मार्खा खोऱ्याचा ट्रेक: सात दिवसांच्या कार्यक्रमात नेमके काय राहून जाते

आपला प्रश्न मला असा समजला आहे. आपले वय ४९, पत्नीचे ४५ आणि मुलीचे १७. तिघांनाही सह्याद्रीत चालण्याची चांगली सवय आहे. ऑगस्टमध्ये लडाखच्या मार्खा खोऱ्यातून, गावांतल्या घरांत मुक्काम करत आणि सोबत गाइड घेऊन जाण्याचा विचार आहे. एका आयोजकाने ‘लेह ते लेह सात दिवस’ असा कार्यक्रम दिला आहे. त्यात पहिल्या दिवशी विमानाने लेहला उतरायचे, दुसऱ्या दिवशी गाडीने खारदुंग ला ही खिंड पाहून यायचे, तिसऱ्या दिवशी गाडीनेच थेट मार्खा गाव गाठायचे, मग हांकर आणि निमालिंग असे मुक्काम करून सहाव्या दिवशी कोंगमारू ला ही खिंड ओलांडून लेहला परतायचे, आणि सातव्या दिवशी विमान. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: आपली तयारी पुरेशी आहे का, आणि गावांतच राहायचे असेल तर गाइडचा खर्च खरोखर करायला हवा का. रक्तदाबाची एक गोळी चालू असल्याचे आपण आपणहून लिहिलेत हे फार चांगले केलेत, कारण बरेच लोक ते ट्रेक सुरू झाल्यावर सांगतात.

गेली अठरा वर्षे मी उन्हाळ्यात लडाखला गट घेऊन जातो आणि त्यातले निम्म्याहून अधिक गट मार्खाचे असतात. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या पायांबद्दल मला काळजी नाही. राजगड-तोरणा एका दिवसात चालणाऱ्या आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्या माणसाला मार्खा खोऱ्यात चालण्याचे म्हणून अवघड असे काही भेटणार नाही. वाट बहुतेक वेळ नदीकाठच्या जवाच्या शेतांमधून, विलोच्या सावलीतून आणि मधल्या कोरड्या पठारांवरून जाते, कातळावर कुठे हात लावावा लागत नाही, आणि कोंगमारू लाचा शेवटचा चढसुद्धा दमवणारा असला तरी सरळ पायवाटेचा आहे. खिंडीपलीकडचा उतार मात्र लांबलचक आहे, एका दिवसात जवळपास दीड हजार मीटर खाली यावे लागते, आणि तिथे सह्याद्रीच्या घसाऱ्यावर तयार झालेले गुडघे आपल्याला खरेच उपयोगी पडतील.

अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. हवेतला ऑक्सिजनचा वाटा सगळीकडे सारखाच, सुमारे २१ टक्के असतो. वर जाताना कमी होतो तो हवेचा दाब. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. कोंगमारू ला सुमारे ५,२०० मीटर उंच आहे आणि तिथे तो जेमतेम निम्म्याच्या थोडा वर राहतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रात कितीही डोंगर चढले तरी शरीराला या विरळ हवेची ओळखच होत नाही. ही ओळख व्हायला वेळ लागतो. श्वास आपोआप खोल आणि जलद होतो, त्यामुळे रक्ताची आम्लता बदलते, तो बदल मूत्रपिंडे हळूहळू सावरून घेतात, आणि तेव्हा कुठे शरीर आणखी जोमाने श्वास घ्यायला मोकळे होते. या कामाला काही दिवस लागतात. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या माणसाला आणि कधीच न धावणाऱ्या माणसाला यासाठी जवळपास सारखाच वेळ लागतो, आणि तरुण असल्याने आपल्या मुलीला त्यात काही सवलत मिळणार नाही. उलट तरुण मुले भराभर पुढे जातात आणि डोके दुखत असले तरी सांगत नाहीत, म्हणून माझे लक्ष गटातल्या सर्वात तरुण माणसावर जास्त असते.

आता त्या कार्यक्रमाकडे उंचीच्या नजरेने पाहू. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा जगभरच्या पर्वतवैद्यकात मान्य असलेला नियम आहे. समुद्रसपाटीवरून सकाळी निघून त्याच रात्री लेहला झोपणे हे पहिल्याच दिवशी या नियमाबाहेर जाणे आहे. विमानाने जाणाऱ्या कुणालाच ते टाळता येत नाही, म्हणून त्याची भरपाई लेहमध्ये थांबूनच करावी लागते. आपल्या आयोजकाने भरपाईच्या त्या दिवशी खारदुंग ला ठेवला आहे. तिथल्या फलकावर काहीही लिहिलेले असो, त्या खिंडीची प्रत्यक्ष उंची सुमारे ५,३६० मीटर आहे, म्हणजे आपण सहाव्या दिवशी जिथे पोहोचणार त्याहूनही वर. ‘वर जाऊन खाली झोपावे’ हे तत्त्व खरे आहे, पण ते सवय झालेल्या शरीराने, पायी, काही शे मीटर वर जाण्याबद्दलचे आहे. लेहला उतरल्यापासून चोवीस तासांच्या आत गाडीत बसून दोन हजार मीटरच्या आसपास वर जाण्याबद्दलचे नाही. माझ्या गटात दुसऱ्या दिवशी खारदुंग ला कधीच नसतो. ज्यांना तो पाहायचाच असतो त्यांना मी ट्रेकनंतर नेतो.

दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. मार्खा खोऱ्याची उंची सावकाश वाढते, पण शेवटी एकदम उडी मारते. चिलिंगजवळून झांस्कर नदी ओलांडून आत शिरले की पहिला मुक्काम स्कियूला होतो, आणि ते गाव लेहपेक्षा किंचित खालीच आहे. मार्खा गाव सुमारे ३,७०० मीटरवर, हांकर चार हजारांच्या जरा अलीकडे. इथपर्यंत शरीराला छान हप्त्याहप्त्याने सवय होते. पण हांकरनंतर गावे संपतात, आणि खिंडीखालचा निमालिंगचा मुक्काम थेट ४,८०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एका रात्रीत आठशे मीटरची वाढ. पूर्वी लोक स्पितुकपासून किंवा चिलिंगपासून चालत येत, त्यामुळे या उडीपर्यंत पोहोचताना त्यांच्या गाठीशी पुरेसे दिवस असत. गेल्या काही वर्षांत रस्ता खोऱ्यात आत आत सरकत गेला आहे. गावकऱ्यांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. आजारी माणूस, शाळेत जाणारे मूल, शेतातले वाटाणे, सगळ्यांना लेह जवळ आले. पण आयोजकांनी त्याच रस्त्याने ट्रेकचे पहिले दिवस कापले, आणि शरीराची तयारी नेमकी त्याच दिवसांत होत असते. चालण्याचा कंटाळवाणा भाग गाळला असे वाटते. प्रत्यक्षात विरळ हवेची सवय होण्याचा भाग गाळला जातो. आपल्या कार्यक्रमात समुद्रसपाटी सोडल्यापासूनची पाचवी रात्र निमालिंगला आहे. तिघांपैकी एकाला तरी तिथे त्रास होण्याची शक्यता मला बरीच वाटते.

मी असतो तर हाच ट्रेक दहा-अकरा दिवसांचा केला असता. पहिला दिवस लेहमध्ये पूर्ण विश्रांतीचा, म्हणजे बाजारातही न फिरण्याचा. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडे चालणे. तिसऱ्या दिवशी शांती स्तूप किंवा नामग्याल त्सेमोचा चढ, तोही गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीने. चौथ्या दिवशी चिलिंगपर्यंत गाडी आणि तिथून स्कियूपर्यंत पायी. चिलिंगला जरा थांबावे. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव आहे, आणि लेहजवळच्या शे गावातली मोठी बुद्धमूर्ती घडवण्यासाठी नेपाळातून आलेल्या कारागिरांपासून आपला वंश चालत आल्याचे तिथे सांगतात. पाचव्या दिवशी मार्खा. हा दिवस लांबचा आहे, सात-आठ तास धरावेत. सहाव्या दिवशी हांकर, आणि वाटेत सुळक्यावर बसलेली तेचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, चढून पाहिली की आपोआप ‘वर जाऊन खाली झोपणे’ साधते. सातवा दिवस हा माझ्या मते या ट्रेकचा कणा आहे: एकतर हांकरलाच थांबून चारपाचशे मीटर वर फिरून यावे, किंवा तंबू सोबत असतील तर सुमारे ४,२५० मीटरवरच्या थाचुंगत्सेला मुक्काम करून ती आठशे मीटरची उडी दोन रात्रींत वाटून घ्यावी. आठव्या दिवशी निमालिंग, नवव्या दिवशी पहाटे निघून खिंड, पलीकडे चोकडोकडे उतरणे आणि गाडीने लेह. दहावा दिवस राखीव. मुदत वाढवणे अगदीच शक्य नसेल तर खिंड सोडा, हांकरपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. आपण ज्यासाठी जात आहात ती गावे सगळी हांकरच्या खालीच आहेत.

यात काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. आपण श्रीनगर-कारगिलमार्गे रस्त्याने येणार असाल तर लेहमधला एक दिवस कमी करता येईल, कारण श्रीनगर सुमारे १,६०० मीटर आणि कारगिल सुमारे २,७०० मीटर अशी उंची पायरीपायरीने वाढते. मनालीमार्गे येणाऱ्यांना मात्र हा फायदा तितकासा मिळत नाही, कारण वाटेतला सरचूचा मुक्काम ४,३०० मीटरच्या जवळ असतो आणि कित्येक जण तिथेच आजारी पडतात. याआधी कधी साडेतीन हजारांच्या वर झोपला असाल आणि काही त्रास झाला नसेल तर ते चांगले लक्षण आहे. झाला असेल तर तो पुन्हा होण्याची शक्यता धरूनच आखणी करावी.

रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर केवळ त्यामुळे ट्रेक रद्द करावा लागतो असे नाही. माझ्यासोबत असे अनेक जण व्यवस्थित जाऊन आले आहेत. पण वर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तदाब बहुतेकांचा थोडा वाढतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. उंचीच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून जे ॲसिटाझोलामाइड, म्हणजे आपण ज्याला डायमॉक्स म्हणतो, दिले जाते तेही लघवी वाढवते. प्रौढांसाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून, असा त्याचा प्रतिबंधक डोस असतो. ते आपण घ्यावे का, चालू गोळीसोबत चालेल का, कुणाला सल्फाच्या औषधांची ॲलर्जी आहे का, हे आपल्या डॉक्टरांनी आपल्याला तपासून ठरवायचे आहे, मी किंवा गाइडने नाही. आपल्याला विमानानेच जायचे असल्याने हा विषय डॉक्टरांकडे काढाच. औषध घेतले म्हणजे दिवस कमी करता येतात असे मात्र समजू नका. बोटांना मुंग्या येणे हा त्याचा नेहमीचा परिणाम आहे, त्याने घाबरू नये.

त्रास ओळखायचा कसा, हे तिघांनाही नीट माहीत असायला हवे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. डोकेदुखी, भूक मरणे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे आणि झोप न लागणे ही सौम्य त्रासाची लक्षणे आहेत. नवख्या उंचीवर डोके दुखले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीचेच समजावे. अशा वेळी वर जायचे नाही. तिथेच थांबायचे, आणि वाढत गेले तर खाली उतरायचे. रात्री झोपेत श्वास मध्येच काही सेकंद थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, त्याने पती-पत्नी एकमेकांना घाबरून उठवतात. हे उंचीवर बहुतेकांना होते आणि एरवी बरे वाटत असेल तर त्यात घाबरण्यासारखे नसते. याउलट, बसून असतानाही धाप लागणे, सतत खोकला येणे आणि छातीत घरघर होणे म्हणजे फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची खूण आहे. आणि तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, विचित्र वागणे म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत ठेवा, पण एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. थंड बोटावर ते चुकीचे आकडे दाखवते, आणि आकडा बरा असूनही माणूस आजारी असू शकतो. बाजारात मिळणारे फवाऱ्याच्या डबीतले ऑक्सिजन काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर वर राहू नये.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गटात पस्तिशीतला एक जण होता, मॅरेथॉन धावणारा, रोज सर्वांच्या पुढे. मार्ख्यापासून त्याचे डोके दुखत होते आणि तो वेदनाशामक गोळ्या घेऊन ते लपवत होता. निमालिंगला संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. मी विचार केला की रात्र काढू, सकाळी खिंड ओलांडली की पलीकडे खालीच जायचे आहे. आमच्या लडाखी गाइडने त्याला तंबूबाहेर उभे केले आणि टाचेला बोटे टेकवत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगितले. चौथ्या पावलाला तो कोलमडला. गाइडने मला काही विचारले नाही; घोडेवाल्याला हाक मारली, घोडा मोकळा करायला लावला, आणि अर्ध्या तासात दोघे जण त्याला घेऊन डोक्यावरच्या विजेऱ्यांच्या उजेडात हांकरकडे निघाले. पहाटेपर्यंत त्याला बरे वाटू लागले आणि सकाळी तो हांकरच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता. माझा विचार चुकीचा होता. खिंडीच्या दिशेने खाली जायचे असेल तर आधी चारशे मीटर वर चढावे लागते, आणि ज्या माणसाला सरळ चालता येत नाही त्याला पहाटेपर्यंत ४,८०० मीटरवर ठेवणे म्हणजे त्याचा जीव पणाला लावणे होते. त्या रात्रीपासून मी रोज संध्याकाळी प्रत्येकाला वेगळे बाजूला घेऊन विचारतो, आणि गोळी घेतली असेल तर ती सांगायची हा नियम निघण्याआधीच घालून देतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या गोष्टीतच आले. वाट दाखवायला गाइड लागतोच असे नाही. खोरे एकच आहे, वाट मळलेली आहे, आणि अनुभवी लोक तिथे स्वतंत्रपणेही जातात. पण पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणाऱ्या, मुलीला सोबत नेणाऱ्या कुटुंबाने स्थानिक गाइड घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. खोऱ्याच्या बऱ्याच भागात फोनला रेंज नसते. कुणाच्या घरी घोडा आहे, कुणाची गाडी त्या दिवशी गावात उभी आहे हे त्याला माहीत असते किंवा पाच मिनिटांत कळते. परदेशातून आणलेले उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र कुणी देऊ केले तर नेऊ नका. परवानगीशिवाय ते भारतात बाळगणे बेकायदेशीर आहे.

ऑगस्टमध्ये दुसरे कारण पाण्याचे आहे. मार्खा नदी आणि तिचे ओढे वितळत्या बर्फावर आणि हिमनद्यांवर पोसले जातात. रात्री वितळणे मंदावते म्हणून सकाळी पाणी घोट्या-पोटरीपर्यंत असते, आणि तोच ओढा दुपारनंतर मांडीपर्यंत येऊन पायाखालचे दगड हलवू लागतो. ओढा कुठे ओलांडायचा, कोणता लाकडी पूल यंदा शाबूत आहे, आणि कधी मुकाट्याने बसून राहायचे हे त्याच वर्षी, त्याच महिन्यात तिथून गेलेल्या माणसालाच सांगता येते. खिंडीपलीकडची उतरण अरुंद घळीतून, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत जाते. लेहला वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, डोंगर उघडे आहेत, माती सुटी आहे. त्यामुळे थोडा जास्त पाऊससुद्धा चिखल आणि दगड घेऊन खाली येतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये, ५ आणि ६ तारखेच्या मधल्या रात्री झालेल्या ढगफुटीत लेह आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली आणि मोठी जीवितहानी झाली. म्हणून आभाळ काळे दिसले तर घळीत शिरायचे नाही, आणि नदीपात्रात तंबू लावायचा नाही, यात गाइड तडजोड करत नसेल तर ते आपल्याच भल्यासाठी आहे असे समजावे.

तिसरे कारण घरांचे आहे. घरांतच राहायचे तर गाइड कशाला, असे आपण विचारले आहे. माझा अनुभव उलट आहे. या भागातल्या होमस्टेची सुरुवात दोन हजारच्या दशकाच्या आरंभी रुंबककडच्या गावांतून झाली. त्यामागे हिमबिबट्याच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या रिंचेन वांगचुक यांच्यासारख्या माणसांचा विचार होता: हिमबिबट्या कोंडवाड्यात शिरून एका रात्रीत मेंढ्या-बकऱ्या मारतो, तर त्याच हिमबिबट्याच्या मुलखात येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे नुकसान सोसणाऱ्या घरांना मिळावेत. हे सगळे हेमिस राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र आहे. बऱ्याच गावांत पाहुणे घराघरांत पाळीने वाटले जातात. कुणाची पाळी आहे हे गाइडला कळते, आणि आपण बाहेरून सजवलेले घर निवडून दुसऱ्याची पाळी बुडवली असे होत नाही. माणशी दर ठरलेला असतो, त्यात रात्रीचे जेवण, सकाळची न्याहारी आणि दुपारचा डबा येतो, आणि त्यावर घासाघीस करू नये.

त्या घरांत संध्याकाळ स्वयंपाकघरातच काढावी. मधोमध लोखंडी चूल, भिंतीच्या फळ्यांवर ओळीने मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, आणि बसायला खाली गालिचे. घरातले सगळे तिथेच असतात. थुक्पा, स्क्यू किंवा तिमोक मिळेल, सकाळी खंबीर रोटी आणि लोणी-मीठ घातलेला गुरगुर चहा. कप रिकामा झाला की यजमान लगेच भरतात, म्हणून नको असेल तेव्हा तो भरलेलाच राहू द्यावा. शौचालय कोरडे असते. त्यात पाणी अजिबात टाकू नये, बाजूची माती फावड्याने लोटावी, कारण त्याचे खत होऊन वसंतात शेतात जाते, आणि पाण्याने ते नासते. आपण जाल तेव्हा खालच्या गावांत जवाची कापणी सुरू झालेली असू शकते आणि घरात दिवसा फक्त एखादी आजी असेल. गाइड असला तर तिच्याशी बोलणे होते. नसला तर ‘जुले’ म्हणून दोघेही नुसते हसत राहतात. माझ्या मते या ट्रेकचे अर्धे मोल त्या बोलण्यात आहे.

आता आयोजकाला काय विचारावे ते सांगतो, कारण ‘गाइडसह’ या शब्दाखाली बरेच काही खपते. गाइड लडाखचा आहे का, आणि याच मोसमात तो या वाटेने गेला आहे का? त्याच्या मदतीला दुसरा कुणी आहे का, म्हणजे एकाला खाली न्यावे लागले तर उरलेल्यांसोबत कोण राहील? कार्यक्रमात मोकळा दिवस कोणत्या उंचीवर आहे? निमालिंगपर्यंत किमान एक रिकामा घोडा असेल का? आणि सर्वात महत्त्वाचे, मागे फिरण्याचा निर्णय कुणाचा? या शेवटच्या प्रश्नावर ‘सगळे मिळून ठरवू’ असे उत्तर आले तर मी त्या आयोजकाकडे जाणार नाही. तो निर्णय गाइडचा असावा, तो मान्य करण्याचे आपण तिघांनी घरीच ठरवलेले असावे, आणि एक जण खाली गेला तर घरातले दुसरे कोण सोबत जाणार हेही आधीच बोलून ठेवावे. पाच हजार मीटरवर, थंडीत, ते बोलणे नीट होत नाही.

सामानाबद्दल आपण काही विचारले नाही, तरी दोनच गोष्टी सांगतो. ऑगस्टमध्येही निमालिंगला रात्री पारा शून्याच्या खाली जाऊ शकतो, म्हणून पातळ जॅकेटवर जाऊ नका. आणि ओढे ओलांडायला पट्ट्याच्या सँडल वेगळ्या ठेवा, अनवाणी पाण्यात उतरू नका.

हे सगळे वाचून दहा-अकरा दिवस काढणे जमत नाही असे वाटले, तर याच सात दिवसांत शाम भागातला ट्रेक करा. लिकीर, यांगथांग, हेमिस शुक्पाचान आणि तेमिसगाम अशी ती गावे आहेत, वाटेतल्या खिंडी चार हजार मीटरच्या आत आहेत, मुक्काम घरांतच होतो, आणि शुक्पाचानचे जुने ज्युनिपर वृक्ष पाहायलाच हवेत. तिथेही लेहमधले पहिले दोन दिवस विश्रांतीचेच ठेवावे लागतील, आणि खारदुंग ला तिथेही शेवटीच.

कोणताही ट्रेक ठरवलात तरी परतीचे विमान खिंड ओलांडण्याच्या दुसऱ्याच दिवशीचे काढू नका. हवा बिघडली की लेहची विमाने रद्द होतात हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण असे की, तिकीट हातात असले की निमालिंगला एक दिवस थांबायचे की नाही हे आभाळ आणि शरीर पाहून ठरत नाही, तिकिटावरची तारीख पाहून ठरते. आयोजकाचा सुधारलेला कार्यक्रम आला की प्रत्येक मुक्कामाची उंची त्यासमोर लिहून इथे टाका, मी तो पाहून सांगेन.